तड्यावरची काच

आबांच्या दारात कुणी दूध घेऊन आलं, की ते आधी डाव्या अंगठ्याच्या नखावर एक थेंब ठेवत आणि नख तिरकं करून बघत. थेंब मागं पांढरी रेघ ठेवत सावकाश उतरला तर ठीक. भर्रकन पळाला, तर आणणाऱ्याचं काही खरं नसायचं. बारामती एमआयडीसीतल्या आमच्या दुधाच्या प्लँटवर टँकर तपासण्यात या माणसाचा जन्म गेला होता. लॅबमध्ये सगळी यंत्रं होती, पण त्यांचा भरवसा नखावर. एकदा त्यांची सख्खी बहीण बावड्याहून किटलीत घरच्या म्हशीचं दूध घेऊन आली. तेव्हाही नख तिरकं झालं. बहीण बिचारी चप्पल न काढता उंबऱ्यातच उभी.

"आगं, तुज्यावर इस्वास हाय," आबा म्हणाले. "म्हशीवर बी हाय. किटलीवर न्हाय."

त्यांचं नाव मी सांगत नाही. सांगितलं तर ते आधी विचारतील, कशाला घेतलंस, कुणी घ्यायला सांगितलं? सगळी कॉलनी त्यांना आबाच म्हणायची आणि माघारी आणखी बरंच काही म्हणायची.

कुलूप लावलं की ते तीनदा ओढत, गेटपर्यंत जात, परत येत आणि चौथ्यांदा ओढत. लग्नाची पत्रिका आली की मुलीच्या बापाला फोन करून लग्न अजून ठरलेलंच आहे ना, ते विचारत. कुरिअरवाल्याच्या कागदावर सही करायच्या आधी त्याची सही आपल्या वहीत घेत. कंपनीनं दीर्घ सेवेबद्दल भिंतीवरचं घड्याळ दिलं, तर त्यांनी समारंभातच पाठीमागचं झाकण उघडून आतलं यंत्र नवं आहे का ते पाहिलं. आणि स्वतःची सही! सहीशेजारी वेळ लिहायचे, मिनिटासकट, आणि खाली पट्टीनं रेघ ओढायचे, म्हणजे नंतर कुणाला आणखी काही घुसडता येऊ नये.

मी मूळची लासुर्ण्याची. बीएस्सी झाल्यावर या लॅबमध्ये ट्रेनी म्हणून लागले, तेव्हा काम शिकवायला आबाच होते. पहिल्या आठवड्यात त्यांनी मला एकच गोष्ट चार वेळा सांगितली. टँकरवाल्याशी वाद झाला, की त्या दुधाचा राखीव नमुना काढायचा. बाटली भरायची, बूच लाखेनं बंद करायचं, लेबल लावायचं, आणि लेबलवर दोन सह्या घ्यायच्या. एक आपली, एक समोरच्याची.

"येक सही आसली तर?" मी विचारलं होतं.

"मग त्यो नमुना न्हवं. नुसतं दूद. मांजराला पाज."

लॅबमध्ये लागल्यावर दोन महिन्यांनी मला कंपनीचं क्वार्टर मिळालं. नवरा एमआयडीसीतच दुसऱ्या कंपनीत, मुलगी सात महिन्यांची. आमच्या घराण्यात कुणाला कायमची नोकरी लागलेली नव्हती. मी लागले असते तर पहिली. ट्रेनीचं वर्ष संपलं की कायम करायचं की घरी पाठवायचं, हे कंपनी ठरवणार होती, आणि राहायचं घरही तिचंच होतं. हे दोन्ही एकाच ठिकाणी अडकलेलं बरं नसतं, हे तेव्हा माझ्या डोक्यात आलं नाही.

आमच्या कॉलनीची एक रीत होती. ताबापत्रावर सही केल्याशिवाय किल्ली मिळत नसे. त्या कागदावर छापलेलंच असायचं की भिंती, छत, फरशी, नळ सर्व सुस्थितीत मिळाले. किल्ली नाही तर घर बघणार कसं, आणि घर बघितलं नाही तर सुस्थिती कळणार कशी, हे कुणी विचारत नव्हतं. मीही काउंटरवर उभ्या उभ्या सही करून टाकली.

सामान उतरत होतं तेवढ्यात समोरच्या क्वार्टरातून आबा टॉर्च घेऊन आले.

"सही केलीस?"

"व्हय."

"बगायच्या आदी?"

"किल्लीच सही केल्यावर देत्यात, आबा."

"मी न्हवती केली. अकरा दिस गेटच्या शेडमदी पथारी टाकून पडलो. बाराव्या दिशी सायेब सोता किल्ली घिऊन आला. मग बगितलं, मोरीचा नळ गळत हुता, त्यो लिवून घेतला, मग केली."

त्यांनी टॉर्च भिंतीवरून फिरवला. आतल्या खोलीत, जिथं आम्ही नंतर रोज वंदना म्हणायची तसबीर लावली, तिथं केसाएवढी एक रेघ होती. खिडकीच्या कोपऱ्यातून निघून वर छताकडं गेलेली. मला ती दिसलीही नव्हती. आबा म्हणाले, "हितं झोपू नका." मला त्यांचा राग आला. नव्या घरात पाऊल टाकलं नाही तोच हा माणूस अपशकुन करतोय.

थंडी सुरू होईपर्यंत त्या रेघेत नखाचं टोक जायला लागलं होतं. तसबिरीच्या मागून तडा वर सरकला, छताला लागला आणि तिथून आडवा निघाला तो थेट त्या हुकाकडं, ज्याला मुलीचा पाळणा बांधला होता. खालच्या मजल्यावरच्या सहाही क्वार्टरांत कमीजास्त हेच. इमारतीच्या मागून प्लँटच्या सांडपाण्याची लाइन जाते. तिथं कायम ओल असायची, आंबलेल्या ताकासारखा वास यायचा आणि भर उन्हाळ्यातही हिरवंगार गवत माजलेलं असायचं.

"पाइप फुटलाय," आबा म्हणायचे. "काळी माती पानी पिती, फुगती, आन भिंत उचलती. येवडं सादं हाय."

मी तक्रार दिली. आठ दिवसांनी ॲडमिन ऑफिसचं पत्र आलं. छताला पाळणा टांगल्यामुळे तडा गेला असून ही बाब रहिवाशाच्या वापरातील हयगय आहे. ताबा घेताना छत सुस्थितीत असल्याबद्दल आपली सही आहे. शेजारच्या पॅकिंगमधल्या वहिनींना उत्तर आलं होतं, खिळे ठोकल्यामुळे. त्यांच्या पलीकडच्यांना, कपाट सरकवल्यामुळे. सहा घरांनी आपापली भिंत स्वतः फोडली होती, असा त्या पत्रांचा एकूण अर्थ.

आबांनी सगळी पत्रं मागून घेतली, झेरॉक्स काढल्या, आणि रविवारी सकाळी लॅबमधल्या काचेच्या स्लाइड्सचा डबा, पीओपीची पिशवी आणि स्टूल घेऊन आमच्याकडं आले. मायक्रोस्कोपखाली ठेवतो ती साधी बोटभर काच. ती त्यांनी तड्यावर आडवी ठेवली, दोन्ही टोकांना पीओपीचे गोळे लावले आणि हिऱ्याच्या पेनानं काचेवर तारीख कोरली. एक काच भिंतीवर, एक अगदी वर, छताजवळ.

"हिनं काय हुतंय?"

"तडा जुना आसंल, गप आसंल, तर काच तशीच ऱ्हाईल. भिंत हालत आसंल तर काच तडकंल. मानसं सायेबाला बगून बोलत्यात. काचंला सायेब कोन ते ठावं नसतं."

तसबीर बाजूला घेण्यापूर्वी त्यांनी चप्पल काढून ठेवली होती आणि तसबिरीलाही हात जोडले होते. मग मागची भिंत संशयानं ठोकून पाहिली.

सहाही घरांत काचा लागल्या. दर रविवारी आबा वही घेऊन फिरायचे आणि प्रत्येक काचेपुढं टॉर्च धरून काहीतरी लिहायचे. आणि मग कॉलनी त्यांच्यावर संशय घ्यायला लागली. वहिनी म्हणाल्या, "घराघरात शिरून कोन काय बोलतंय ते बगतोय म्हातारा." कुणी म्हणालं, रिटायर झाल्यावर मुदतवाढ पाहिजे म्हणून साहेबाला यादी देतोय. मी स्वतः त्यांना दोनदा ॲडमिन ऑफिसातून वही काखोटीला मारून बाहेर पडताना बघितलं. "कशाला गेल्ता?" विचारलं तर म्हणाले, "कामाला." त्याच आठवड्यात त्यांनी मला मधेच विचारलं, "तुजी कायमची फाइल कुठवर आली?" मला ते विचारणं आवडलं नाही.

घरी सांगितलं, तर नवरा म्हणाला, "ह्यो मानूस कुनाचा हाय ते आदी कळू दे. तवर त्येच्यापुडं जास्त बोलू नगंस."

मी बोलणं कमी केलं. आबांना ते कळलं असणार, कारण त्यांनीही केलं. रविवारी यायचे, काच बघायचे, चहाचं दूध नखावर बघायचे, चहा प्यायचे आणि जायचे.

शिवरात्रीच्या सुमारास ॲडमिन साहेबांनी मला बोलावलं. साहेब शहरातले, आवाज मऊ. मला बसायला सांगितलं, चहा मागवला. ट्रेनीला चहा मिळतो तेव्हा सावध व्हावं, एवढं मी आबांकडून शिकले होते.

"मॅडम, तुमची फाइल माझ्याच टेबलावर आहे," ते म्हणाले. "काम उत्तम आहे तुमचं. गुरुवारी त्या काचांची एकदाची पाहणी करून टाकू. मी सिव्हिलच्या इंजिनिअरला बोलावलंय. बाकीच्या घरांतल्या दोन काचा फुटल्यात म्हणे, पण त्या खाली आहेत, पोरांचे चेंडू लागतात. तुमच्याकडची वरची काच तेवढी महत्त्वाची. तिथं कुणाचा हात पोचत नाही. ती शाबूत आहे ना?"

"बघते," मी म्हणाले.

"शाबूतच असेल," साहेब म्हणाले आणि फाइल बंद केली.

बुधवारी संध्याकाळी शिफ्टवरून घरी येऊन मी स्टुलावर चढले. वरची काच मधोमध तडकली होती. स्वच्छ, सरळ, चाकूनं कापावी तशी. सहा घरांना जे पाहिजे होतं ते माझ्या छताला चिकटलेलं होतं. मी पाळण्यातल्या मुलीकडं बघितलं, मग फाइल आठवली. खरं सांगते, फाइलच जास्त वेळ आठवली.

माझ्या पर्समध्ये लॅबमधली एक कोरी स्लाइड होती. ती मी दुपारीच उचलली होती, म्हणजे काच बघायच्या आधीच. हे मी बरेच महिने स्वतःलाही सांगितलेलं नव्हतं. नवऱ्यानं स्टूल धरलं. मी जुनी काच खरवडून काढली, नवी लावली आणि दाभणानं जुनी तारीख कोरली. फुटके तुकडे पेपरात गुंडाळून कॉलनीच्या कचऱ्याच्या डब्यात टाकले. नवरा एवढंच म्हणाला, "पीओपी वाळाया पायजे रातीत."

गुरुवारी तिघं आले. साहेब, इंजिनिअर, आणि वही घेऊन आबा. आबा स्टुलावर चढले. टॉर्च लावला. आणि खाली उभ्या उभ्या मला माझी चूक दिसली. आमच्या लॅबमध्ये डिसेंबरमध्ये स्लाइड्सचा नवा लॉट आला होता. त्या लॉटच्या काचेची एक कड दुधी असते, वर पेन्सिलनं लिहिता यावं म्हणून. आबांनी लावलेल्या सगळ्या काचा जुन्या लॉटच्या, लख्ख पारदर्शक. साहेबाला हे जन्मात कळलं नसतं. इंजिनिअरलाही नाही. त्या खोलीत ते कळणारी दोनच माणसं होती.

आबांचा टॉर्च त्या दुधी कडेवर थांबला. किती वेळ, ते सांगता येत नाही.

"काय हो, शाबूत आहे ना?" साहेबांनी विचारलं.

"अखंड हाय," आबा म्हणाले. वहीत लिहिलं, वेळ टाकली, खाली रेघ ओढली आणि माझ्याकडं न बघता उतरले.

प्रकरण मिटलं. तडे जुने असून वाढत नाहीत, असा अहवाल झाला. सगळ्या तड्यांवर पुट्टी मारून रंग दिला. कंपनीच्या भिंती विद्रूप केल्याबद्दल आबांना मेमो मिळाला. पुढच्या महिन्यात मी कायम झाले. लासुर्ण्यात आईनं गल्लीभर पेढे वाटले.

मला सुटल्यासारखं वाटायला हवं होतं. उलट संशयानं माझं डोकं पोखरलं. आबांनी ओळखलं नाही? ते शक्य नव्हतं. मग बोलले का नाहीत? साहेबांनी त्यांनाही चहा पाजला असेल? हळूहळू मी मनाची समजूत घातली की म्हातारा पहिल्यापासून साहेबाचाच माणूस होता. तसं मानलं, की माझा गुन्हा अर्धा व्हायचा. माणूस स्वतःच्या सोयीसाठी दुसऱ्याला किती लबाड ठरवू शकतो, ते मी त्या दिवसांत शिकले.

मे महिन्यात आबा रिटायर झाले. क्वार्टर सोडायच्या दिवशी ते आमच्या दारात आले. आत आले नाहीत.

"पाळना त्या हुकाचा काड. बाहीरच्या खोलीत बांद."

"का?" मी म्हणाले. "अखंड हाय म्हनून तुमीच लिवलंय की."

त्यांनी माझ्याकडं बघितलं, आपल्या कुलपाकडं गेले आणि ते चार वेळा ओढून बघितलं. घर रिकामं होतं, तरी. मी त्याच संध्याकाळी पाळणा बाहेरच्या खोलीत नेला.

गणपतीच्या दिवसांत एका दुपारी आतल्या खोलीतलं छताचं प्लास्टर कोसळलं. मी प्लँटवर होते. नवरा घरी होता, मुलगी बाहेरच्या खोलीत पाळण्यात झोपलेली. मी धावत आले तर हुकाखाली परातीएवढे ढपले पडलेले, फरशी फुटलेली, आणि छतातून गंजलेली सळई दिसत होती. मुलीच्या पापण्यांवर बारीक धूळ होती. ती झोपेतून उठलीसुद्धा नव्हती. मी तिला उचललं आणि मोठ्यानं रडले.

दुसऱ्या दिवशी साहेबांनी बोलावलं. परत चहा. "दुरुस्ती आम्ही करून देऊ, मॅडम. फक्त यावर सही करा." कागदावर लिहिलं होतं, पाळणा टांगल्यामुळे छताचे नुकसान झाले. मी सही केली असती तर माझं छत झालं असतं, आणि बाकीच्या पाच घरांचा पाइप तसाच गळत राहिला असता. पेन माझ्या हातात होतं.

"घरी नेऊन वाचते," मी म्हणाले. साहेबांच्या भुवया वर गेल्या.

रविवारी मोटारसायकलवर मुलीला मधे घेऊन आम्ही बावड्याला गेलो. आबा अंगणात बसले होते. मी घरून दूध नेलं होतं. त्यांनी ते घेतलं, एक थेंब नखावर ठेवला, नख तिरकं केलं, मगच "बसा" म्हणाले.

मी सगळं सांगितलं. पर्समधली स्लाइडसुद्धा. नवरा मान खाली घालून बसला होता. आबांनी मधे एकदाही थांबवलं नाही. मग मी विचारलं, "तुमाला दिसलं हुतं. का बोलला न्हाय?"

"काय बोलू? लावल्याली काच अखंडच हुती. पैली कुटं गेली, ते सायेबानं इचारलं न्हाय."

"माजं नाव सांगायचं हुतं."

"तुजी फाइल त्येच्या टेबलावर हुती. म्यां दोनदा जाऊन इचारून आल्तो, पोरीची फाइल का आडवली म्हनून." ते उठले. "आन मला कुटं ठावं हुतं तू कुनाची हायस? मला वाटलं, सायेबानं तुला फिरवली."

म्हणजे इतके महिने आम्ही दोघं एकमेकांना साहेबाचं माणूस समजत होतो. मला हसू आलं आणि लगेच गेलं.

आत भिंतीवर तो मेमो चौकटीत लावलेला होता, कंपनीच्या घड्याळाशेजारी. आबांनी कपाट उघडलं आणि आमच्या लॅबची नमुन्याची बाटली आणून माझ्यापुढं ठेवली. बूच लाखेनं बंद. आत, कापसावर, काचेचे दोन तुकडे.

"घंटागाडी शुक्रवारी येती. पाहनी गुरवारी झाली. दुपारीच डबा उपसला," आबा म्हणाले.

लेबलवर माझ्या क्वार्टरचा नंबर होता, तारीख होती, आणि आबांची सही, शेजारी वेळ, खाली रेघ. दुसऱ्या सहीची जागा कोरी होती.

"दोन सह्या लागत्यात," ते म्हणाले. "तुजी न्हवती, म्हनून नमुना बाहीर काडला न्हाय."

"मी सही केली तर मला बी मेमो यील."

"यील. चौकट मी बनवून दीन."

मी पर्समधून पेन काढलं. त्यांनी हात आडवा घातला.

"आदी बग. मग कर."

मी बाटली खिडकीपाशी नेली. उजेडात धरून फिरवली. तुकड्यांची कड दोन्ही बाजूंना लख्ख होती, तडकलेली रेघ सरळ होती, आणि तुटलेल्या तारखेचे अंक आबांच्या हातचे होते. मुलगी नवऱ्याच्या मांडीवरून बाटलीकडं हात करत होती. मी सगळं बघितलं आणि सही केली. शेजारी वेळ लिहिली. खाली रेघ ओढली.

आबांनी बाटली माझ्या हातून काढून घेतली, दिवाणावर बसले, चष्म्यावर भिंग धरलं, आणि सही माझीच आहे ना, ते बराच वेळ तपासत बसले.